ओमाहात ब्लफ दर वेळी पकडला जातोय? या क्रमाने तपासा

लक्षणं

ओमाहा म्हणजे हातात चार पत्ते आणि मध्ये सगळ्यांचे मिळून पाच उघडे पत्ते (बोर्ड) असलेला पोकर; ब्लफ म्हणजे हातात काही नसताना बेट लावून समोरच्याला पत्ते टाकायला लावणं. रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या उघड्या पत्त्यावर) तुम्ही पॉटभर, म्हणजे मध्ये जमलेल्या पैशांएवढी, बेट लावता आणि समोरचा फारसा विचार न करता कॉल करतो, म्हणजे तेवढेच पैसे घालतो. हातात नट्स (त्या बोर्डावर शक्य असलेला सगळ्यात मोठा हात) असतात तेव्हा मात्र सगळे पत्ते टाकून मोकळे होतात. कधी फ्लॉपला (पहिल्या तीन उघड्या पत्त्यांवर) बेट, टर्नला (चौथ्यावर) बेट आणि रिव्हरला धीर सुटून चेक, म्हणजे काहीच न लावणं. मग समोरचा कुठलीशी मधली जोडी दाखवून पॉट ओढून नेतो. रात्री हिशेब केला तर लहान पॉट बरेच जिंकलेले दिसतात आणि दोन-तीन मोठ्या पॉटांत सगळं गेलेलं दिसतं. त्यातला एखादा तरी राजाच्या किंवा राणीच्या फ्लशवर (एकाच रंगाच्या पाच पत्त्यांवर) गेलेला असतो, जेव्हा समोर एक्क्याचा होता.

यातली दोन-तीन लक्षणं महिनोन्‌महिने दिसत असतील तर पुढचं तुमच्यासाठी आहे. एकाच रात्रीपुरतं असेल तर बहुधा पत्ते वाईट पडले, एवढंच.

मी मांडवी नदीतल्या एका कॅसिनोच्या बोटीवर काही वर्षं पोकरच्या टेबलावर पत्ते वाटत होते. खेळायला आम्हा गोंयकारांना आत बंदी आहे, १ फेब्रुवारी २०२० पासून. कामाला जायला नाही. त्यामुळे डोकं शांत ठेवून दुसऱ्यांचे डाव बघायची सवय लागली. काम सोडलं तरी पुण्या-कोल्हापूर-बेळगावहून सुट्टीला येणारे ओळखीचे लोक अजून डाव लिहून पाठवतात. सुरुवात ठरलेली, ‘ताई, हिंमत कमी पडली का?’ हिंमत कमी पडलेली मला क्वचितच दिसली. ब्लफ लावायची जागा आणि त्यासाठी निवडलेले पत्ते चुकलेले असतात, आणि तेही त्याच त्या तऱ्हेने.

तपासण्या सोप्यापासून अवघडापर्यंत लावल्या आहेत. पहिल्या दोन फुकट आहेत, टेबलावर बसल्या बसल्या होतात. निम्म्या लोकांचा दोष तिथेच सापडतो, म्हणून त्या गाळून पुढे उडी मारू नका.

तपासणी १ : पॉटमध्ये माणसं किती?

होल्डेम या नेहमीच्या पोकरमध्ये प्रत्येकाकडे दोन पत्ते, म्हणजे एकच जोडी (इथे जोडी म्हणजे कुठलेही दोन पत्ते). ओमाहात चार पत्ते, आणि त्यातले नेमके दोनच वापरायचे असल्यामुळे प्रत्येकाकडे सहा वेगवेगळ्या जोड्या. समोर तिघे असतील तर अठरा जोड्या तुमच्या विरुद्ध बसल्यात. पाच पत्त्यांचा ओमाहा चालू असेल तर एकेकाकडे दहा. बोर्डावर फ्लश किंवा स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) शक्य असेल तर इतक्या जोड्यांमध्ये तो कुणाकडे तरी असण्याची शक्यता मोठी असते.

आता हिशेब. पॉटभर ब्लफ फायद्यात राहायचा तर तो निम्म्या वेळा तरी चालला पाहिजे, कारण तुम्ही पॉटएवढेच पैसे धोक्यात घालता. समजा, समोरचा प्रत्येक जण १०० पैकी ६० वेळा पत्ते टाकतो. एकटाच असेल तर ६० टक्के, फायदा. दोघे असतील तर दोघांनीही टाकण्याची शक्यता ३६ टक्के. तिघे असतील तर जेमतेम २२. माणसं तीच, तुमची हिंमतही तीच, पण बेट तोट्यात गेली.

शनिवारी रात्रीच्या टेबलावर चौघे-पाचजण फ्लॉप बघतात. स्ट्रॅडल (पत्ते न बघताच लावलेली जादा बेट) चालू असेल तर विचारूच नका. अशा वेळी दोघांपेक्षा जास्त माणसं उरली असतील तर निव्वळ ब्लफ बंद, एवढा एक नियम लावा. माझ्याकडे आलेल्या डावांत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी इलाज हाच ठरला आहे.

तपासणी २ : पॉट किती, आणि समोरच्याकडे उरलंय किती?

ओमाहा बहुधा पॉट-लिमिट खेळतात, म्हणजे बेटला पॉटएवढीच मर्यादा. अशा खेळात पॉट किती आहे हे डीलरला विचारायचा तुम्हाला हक्क आहे. नो-लिमिटमध्ये, जिथे बेटला मर्यादा नाही, डीलर पॉट मोजून देत नाही, इथे देतो. तरी लोक लाजतात. विचारा.

कमाल रेझ (समोरच्याची बेट वाढवणं) स्वतः काढायची सोपी रीत: समोरच्याच्या शेवटच्या बेटची तिप्पट, अधिक त्या बेटच्या आधी पॉटमध्ये जे होतं ते. पॉट ६,०००, समोरच्याने ४,००० लावले, तर तुम्ही जास्तीत जास्त १८,००० करू शकता. यापुढे नाही.

ही मर्यादा ब्लफच्या मुळावर येते. नो-लिमिटवाला पॉटच्या तिप्पट चिप्स पुढे ढकलून समोरच्याला घाम फोडू शकतो. इथे तुम्ही काहीही केलंत तरी समोरच्याला कमीत कमी दोनास एक हा भाव मिळतोच. त्याला तीनातून एकदा बरोबर ठरायचं आहे, बस. म्हणून रिव्हरला अचानक जागं होऊन भीती घालता येत नाही. भीती आधीच्या दोन बेटांनी उभी करावी लागते. फ्लॉपला पॉट १,००० असेल आणि तीनही वेळा पॉटभर बेट कॉल होत गेली तर पॉट ३,०००, मग ९,०००, मग २७,००० होतो. तीनही वेळा अर्धा पॉट लावलात तर शेवटी ८,०००. फरक बघा.

आणि समोरच्याच्या चिप्स बघा. पॉट ८,५०० आणि त्याच्याकडे २,००० उरलेत, तर २,००० घालून त्याला १०,५०० मिळायची संधी आहे. सहापैकी एकदा जिंकला तरी त्याचं भागतं. अशा माणसाला कुणीही पत्ते टाकायला लावू शकत नाही. तरीही लोक तिथे ब्लफ लावतात आणि वर म्हणतात, ‘काय कॉल केला बघा त्याने!’ त्याने बरोबर केलं.

तपासणी ३ : तुमचे पत्ते समोरच्याचं काय अडवतात?

इथे जरा थांबायला हवं. बहुतेकांचा ब्लफ ‘माझं काही लागलं नाही, म्हणून ब्लफ’ या तर्काने निघतो. ओमाहात तो तर्क चालत नाही. ब्लफ लावायला हातात असा पत्ता हवा, जो तुमच्याकडे असल्यामुळे समोरच्याकडे नट्स असूच शकत नाहीत किंवा फार कमी वेळा असू शकतात. टेबलावर त्याला ब्लॉकर म्हणतात.

सगळ्यात ठसठशीत उदाहरण फ्लशचं. बोर्डावर तीन इस्पिक आहेत, तुमच्याकडे इस्पिकचा एक्का आहे पण दुसरं इस्पिक नाही. म्हणजे तुमचा फ्लश नाही. मात्र नट फ्लश कुणाचाच नाही, हे तुम्हाला खात्रीने माहीत आहे आणि टेबलावर दुसऱ्या कुणालाही नाही. राणीचा फ्लश घेऊन बसलेला माणूस तुमच्या पॉटभर बेटकडे बघून हाच विचार करत असतो की एक्का कुठे आहे.

जाता जाता: बोर्डावर चार इस्पिक आले आणि हातात एकटा एक्का असेल तर फ्लश झाला, असं समजून चिप्स ढकलणारे अजून भेटतात. हातातले दोन वापरावेच लागतात. तुमचा फ्लश नाही. ब्लफ म्हणून लावत असाल तर ठीक. नट्स म्हणून लावत असाल तर शोडाऊनला (शेवटी पत्ते उघडताना) चेहरा बघण्यासारखा होतो.

स्ट्रेटचं उदाहरण लोक कमी वापरतात, ते नीट बघा. बोर्ड: गुलाम, दश्शी, अठ्ठी, चौकी, दुर्री, फ्लश शक्य नाही. इथे स्ट्रेट दोनच प्रकारे होतो: राणी-नश्शीने किंवा नश्शी-सत्तीने. दोन्हींत नश्शी लागतेच. तुमच्याकडे दोन नश्श्या असतील तर गड्डीत उरल्या दोनच. तुमचा स्वतःचा हात म्हणजे नश्शीची जोडी, गुलामाच्या एका जोडीपुढेही हरणारी. पण ब्लफसाठी हेच पत्ते उत्तम, कारण समोरच्याकडे स्ट्रेट असायची शक्यता तुम्ही स्वतःच जवळजवळ निम्म्यावर आणलीत. आता हेच एका हुकलेल्या फ्लशच्या ड्रॉशी (पत्ता न आल्यामुळे अपुरा राहिलेल्या फ्लशशी) ताडून बघा, ज्यात नश्शी एकही नाही. बहुतेक जण दुसऱ्याने ब्लफ लावतात आणि पहिल्याने चेक करतात, कारण पहिल्यात ‘जोडी तरी आहे’. नेमकं उलट करायला हवं.

मग नियम असा: रिव्हरला बेट लावण्याआधी स्वतःला विचारा, इथे नट्स कोणते आणि त्यातला एक पत्ता माझ्याकडे आहे का? नसेल तर चेक. उत्तर द्यायला वेळ लागत असेल, तरी चेक.

राजा-राणीच्या फ्लशवर मोठा पॉट जातो तो दोषही इथलाच. ब्लॉकर समजला की उलटी बाजूही समजते. एक्का तुमच्याकडे नसेल आणि शांत बसणारा माणूस रिव्हरला पॉटभर रेझ करत असेल, तर एक्का कुठे आहे हे आता तुम्ही विचारायचं.

तपासणी ४ : फ्लॉपपासूनची गोष्ट जुळते का?

ब्लॉकर असूनही ब्लफ पकडला जातो, तेव्हा बहुतेक वेळा डावाची गोष्टच जुळत नसते. फ्लॉपला चेक, टर्नला चुपचाप कॉल, आणि रिव्हरला साध्या दुर्रीवर एकदम पॉट. कोणता मजबूत हात असा खेळला जातो? समोरच्याला आठवत नाही, म्हणून तो कॉल करतो.

जुळणारा डाव असा दिसतो. ब्लाइंड (दोघांनी आधीच भरायच्या सक्तीच्या बेट; मोठी ती बिग ब्लाइंड) १००-२००. तुम्ही बटनवर (सगळ्यात शेवटी बोलायच्या जागेवर), हातात इस्पिक एक्का, बदाम एक्का, चौकट गुलाम, चौकट दश्शी. ७०० लावले (इथली कमाल तेवढीच). फक्त बिग ब्लाइंडने कॉल केला. पॉट १,५००. दोघांकडेही सुरुवातीला वीसेक हजार.

फ्लॉप: इस्पिक राजा, इस्पिक नश्शी, चौकट चौकी. त्याचा चेक. तुम्ही १,००० लावता, कॉल. पॉट ३,५००. एक्क्यांची जोडी या घडीला बहुधा पुढे आहे, पण त्यावर भिस्त ठेवायची नाही. ओमाहात चार पत्त्यांतून दोन जोड्या नाहीतर सेट (एकसारखे तीन पत्ते) फार लवकर तयार होतात.

टर्न: इस्पिक सत्ती. फ्लश पूर्ण करणारा पत्ता. तो पुन्हा चेक. तुम्ही २,५०० लावता. इथे फ्लशवाला कॉल करेल, सेटवालाही करेल, कारण बोर्डावर जोडी पडली तर त्याचं फुल हाउस (एकसारखे तीन आणि एक जोडी) होतं. न दिसलेल्या ४४ पत्त्यांपैकी १० त्याच्या कामाचे, म्हणजे २३ टक्क्यांच्या आतबाहेर. भाव त्याला खरं तर परवडत नाही, तरी टर्नला सेट टाकणारा माणूस मी फार पाहिला नाही. कॉल झाला. पॉट ८,५००.

रिव्हर: बदाम दुर्री. जोडी पडली नाही. या बोर्डावर स्ट्रेट बसत नाही आणि फुल हाउस शक्य नाही. नट्स म्हणजे इस्पिकच्या एक्क्याचा फ्लश, आणि तो एक्का तुमच्याकडे. राजा बोर्डावरच असल्यामुळे समोरच्याचा चांगल्यात चांगला हात राणीचा फ्लश. तो चेक करतो. आता ८,५०० लावायची.

ही बेट का चालते? टर्नला अडकून बसलेला सेटवाला आता सुटतो, कारण त्याचा पत्ता आला नाही. छोट्या फ्लशवाल्याला गोष्ट पटते: तुम्ही आधी रेझ केली होती, दोन इस्पिक असताना बेट लावली, तिसरं आल्यावर पुन्हा लावली. आणि नट्स असते तर तुम्ही हुबेहूब असेच खेळला असता. तरी काही वेळा कॉल होईलच. निम्म्याहून जास्त वेळा नाही झाला तर तुम्ही फायद्यात आहात.

याच डावात रिव्हरला नश्शी पडून बोर्डावर जोडी झाली असती तर हात आवरायचा. सेटवाला, म्हणजे ज्याला पळवायचं होतं तोच, आता फुल हाउस घेऊन बसलाय. आणि दोन्ही एक्के इस्पिक सोडून दुसऱ्या रंगांचे असते तर टर्नलाच चेक करून पुढचा पत्ता फुकट बघायचा होता. पत्ते दिसायला सारखेच, तरी डाव पूर्ण वेगळा.

शेवटी बोलल्यामुळे, म्हणजे बटनवर असल्यामुळे, त्याचे तीन चेक तुम्हाला आधी दिसले. हाच ब्लफ ब्लाइंडमध्ये बसून लावायचा तर तुम्हाला अंधारात बोलावं लागतं. सुरुवातीचे काही महिने ब्लफ फक्त बटनवरून लावा, असं मी सगळ्यांना सांगते. काहींना ते कमीपणाचं वाटतं, वाटू दे.

तपासणी ५ : नट्स असताना तुम्ही किती लावता?

‘नट्स असले की सगळे पळतात’ या लक्षणाचं कारण इथे सापडतं. बरेच जण नट्सवर पॉटभर लावतात आणि ब्लफवर अर्धा पॉट, कारण ब्लफमध्ये कमी गमवायचं असतं. टेबलावरचे नेहमीचे लोक पहिल्या तासाभरात हे हेरतात. डीलर तर त्याआधीच.

तोडगा: एका प्रकारच्या बोर्डावर एकच माप. रिव्हरला पॉटभर लावणार असाल तर ढोबळ मानाने दोन खऱ्या हातांमागे एक ब्लफ. अर्धा पॉट लावणार असाल तर तीन खऱ्यांमागे एक. समोरच्याला मिळणाऱ्या भावातूनच हे आकडे निघतात: पॉटभर बेटला त्याला तीनातून एकदा बरोबर ठरावं लागतं, अर्ध्या पॉटला चारातून एकदा. ब्लफ याहून जास्त झाले की त्याचा प्रत्येक कॉल फायद्याचा होतो. आळशी माणसाला मात्र एक सूट आहे. ज्या टेबलावर लोक सगळं कॉल करतात तिथे हे प्रमाण विसरा, ब्लफ जवळजवळ शून्यावर आणा आणि नट्सवर पॉट लावत राहा. सुट्टीच्या टेबलांवर हे पुरतं.

तपासणी ६ : वही, आणि मग संगणक

इथपर्यंत सगळं ठीक दिसतंय आणि तरी गळती चालूच आहे, तर नोंदी लागतील. पूर्वी ॲपवर खेळणाऱ्यांचे डाव आपोआप साठायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला आणि ते टेबल बंद झाले. कुणी टेलिग्रामवरून चोरटी लिंक पाठवली तर हात लावू नका. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही.

तर वही. ब्रेकमध्ये लिहायचं: कुठे बसला होता, माणसं किती, प्रत्येकाच्या चिप्स, तुमचे चारही पत्ते त्यांच्या रंगांसह, प्रत्येक टप्प्याला पॉट आणि बेट. पत्त्यांचे रंग न लिहिलेला ओमाहाचा डाव कुणालाच तपासता येत नाही, आणि माझ्याकडे येणारे निम्मे डाव तसेच असतात. ‘एक्का-एक्का-गुलाम-दश्शी होते’ यावरून मी काय सांगणार?

नोंदी जमल्या की प्रत्येक ब्लफपुढे पहिल्या चार तपासण्यांचं हो-नाही लिहा. दोष बहुधा एकाच रकान्यात गोळा झालेला दिसतो. त्यानंतर मंकरसॉल्व्हरसारखं सॉफ्टवेअर आहे, पण ते चालवायला दणकट संगणक आणि भरपूर मेमरी लागते, आणि त्याचं उत्तर समोरचाही अचूक खेळतोय असं धरून येतं. शनिवारच्या टेबलावर तसं कुणी नसतं. पैसे देऊन शिकवणारा प्रशिक्षक गाठायचा तर नोंदी घेऊनच जा. नोंदी न मागता ‘महिन्यात फायद्यात आणतो’ म्हणणारा असेल, तर तिथूनच परत फिरा.

कधी थांबायचं

वरचं सगळं पत्त्यांच्या दोषासाठी आहे. काही वेळा दोष पत्त्यांत नसतो आणि तिथे तपासणी १ पासून सुरुवात करून उपयोग नाही.

गेलेले पैसे आजच परत मिळवायचे म्हणून बेटचा आकार वाढत असेल, ठरवलेल्या रकमेनंतर पुन्हा एटीएम शोधत असाल, तर उठा, जेटीवर येणारी पुढची बोट धरा आणि त्या रात्रीचे डाव तपासायला घेऊच नका. घरी रक्कम खोटी सांगत असाल, उसने किंवा कर्जाचे पैसे टेबलावर येत असतील, न खेळलेल्या दिवशी चिडचिड होत असेल, किंवा ‘थांबतो’ म्हणून थांबता येत नसेल, तर मी, प्रशिक्षक किंवा सॉफ्टवेअर यांपैकी कुणीही चुकीचा माणूस आहे. असे डाव मला आले तर मी पत्त्यांवर एक अक्षर बोलत नाही, नंबर पाठवते: टेली-मानस, १४४१६. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. गोव्यातच असाल तर बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे, तिथल्या ओपीडीत जुगाराच्या सवयीबद्दल सरळ बोलता येतं. घरचं कुणी सोबत आलं तर बरं, नाही आलं तरी जा.